गार पाण्याचा हौद

३ जानेवारी
नव्या कामाचा पहिला दिवस छान गेला. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात धुलाईघर आणि त्याला लागून माझी खोली. खिडकीतून दोऱ्यांवरच्या चादरी दिसतात. इतकं पांढरं पाहिलं की मन आपोआप हात जोडतं. इथे वीस वर्षं धुणाऱ्या मावशींनी सगळं समजावलं: नीळ थेंबभरच, नाहीतर चादरी आजारी दिसतात, आणि रक्ताचा डाग आधी गार पाण्याच्या हौदात. गरम पाणी लागलं की डाग कापडात शिजतो, मग बापजन्मात निघत नाही. माझ्या पांढऱ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हाला निळीची गरजच नाही, आपसूक उजळलंय. खूप दिवसांनी हसलो.
गार पाण्याचं हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

६ जानेवारी
शेवटच्या दोरीवरच्या चादरीवर डाग राहिलेला. लहान पंजा, तपकिरी. गार पाण्यात तासभर भिजवला, साबण चोळला. गेला. उन्हात चादर लखलखली. देवाचं नाव घेऊन घडी घातली.

७ जानेवारी
तीच चादर, तिथेच तोच पंजा. करंगळी वाकडी.
माझ्या लेकीची अशीच होती, दारात चेमटलेली. नऊ वर्षांची होती. शेवटच्या तापात नाकातून रक्त आलं, ते तिने हाताने पुसलं आणि तोच हात चादरीवर टेकवला. ती गेल्यावर, तिच्या आईच्या नजरेला पडायला नको म्हणून, मी त्यावर उकळतं पाणी ओतलं. डाग पक्का झाला. मग तिची आई रोज त्या पंजावर आपला हात ठेवून बसायची. तिचे हाल मला बघवेनात. एके दुपारी तिला न विचारता मी ती चादर घरच्या अंगणात जाळली. ती भावाकडे निघून गेली. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

९ जानेवारी
मावशींना चादर दाखवली. त्यांना डाग दिसत नाही. म्हणाल्या, उन्हात फार उभे राहता, डोक्याला पंचा गुंडाळत जा.
पण पंजा आहे. प्रत्येक धुण्याला फिका होतो. आज तीनच बोटं उरली. म्हणजे रोज मीच तिला घालवतो आहे.

११ जानेवारी
फक्त करंगळी. उद्या धुतली की काहीच उरणार नाही.
आज भिजवली नाही. भट्टीवर पाणी ठेवलं आहे. देवा, हे पाप असेल तर माझ्या माथी घाल. यावेळी मला ती जाऊ द्यायची नाही.

१२ जानेवारी
ओतलं. वाफेतून अख्खा पंजा उमटला, लालभडक, ओला. मी आनंदाने रडलो.
मग बोटं मिटली. चादर मुठीत गोळा झाली. आणि कापडातून तिचा आवाज – बाबा, भाजतंय –

१३ जानेवारी
सकाळपासून गार पाणी. बर्फ टाकला. साबण, लिंबू, सोडा – निघत नाही. पंजावर फोड आलेत. मावशी विचारतात, कोरी चादर किती घासाल, हात सोलले तुमचे. त्यांना कसं सांगू. आता सगळ्या दोऱ्यांवर – प्रत्येक चादरीवर –

१४ जानेवारी
फुंकर घालतो आहे. लहानपणी चटका बसला की हात पुढे करायची, तसाच केलाय.
माझं बोट धरलं. पकड अजून तीच.
विचारलं, फार आग होते का गं. म्हणाली, नाही बाबा, तेव्हापेक्षा कमी.
तेव्हा म्हणजे कधी – घरी पाणी ओतलं तेव्हा तर ती गेलेली होती –
कापडाला धुराचा वास येतोय.
अंगणात मी काडी लावली, तेव्हा ती चादरीत –