चाकू अर्धा उघडल्यावर

३ जानेवारी, सकाळी ६.१०
नवी वही. जुनी माळ्यावर टाकली. तिच्यात ऑक्टोबर ते डिसेंबर आहे. त्या तीन महिन्यांना मी शिकाऊ काळ म्हणते. त्या काळात घडीचे नऊ चाकू झाले. नऊच्या नऊ बिस्किटाच्या डब्यात आहेत. वाया गेले म्हणायचं नाही. अनुभव म्हणायचं.

ऑफिसची सवय आहे, नवी फाइल उघडली की पहिल्या पानावर विषय लिहायचा. तर विषय: सहा महिन्यांची बिनपगारी रजा, ३१ मार्चला संपते. तोवर अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शिक्का मिळवायचा. मिळाला की राजीनामा. नाही मिळाला तर अप्पा वर्कशॉपला कुलूप लावणार आणि हत्यारं कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला देऊन टाकणार. अर्थात ती वेळ येणारच नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

४ जानेवारी
शिक्का म्हणजे बोटाएवढा पोलादी तुकडा. मुठीच्या पितळी टोकावर धरायचा, हातोडीचा एकच ठोका. अप्पा तो सगळ्यात शेवटी मारतात, आणि चाकू पास झाला तरच.

पास म्हणजे काय, तर चाकू मिटलेला असो, अर्धा उघडा असो की पूर्ण उघडा, पाठीची पट्टी तिन्ही वेळा मुठीशी सपाट. अंगठा फिरवला तर कुठे अडकता कामा नये. ही पट्टीच पात्याला दाबून धरते. आणि मिटताना आवाज यायला हवा. टक. एकच.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि हातांना कंप. त्यामुळे हल्ली सगळी परीक्षा अंगठा आणि कान घेतात. पण पद्धत सोपी आहे. तीन जागा, एक आवाज. मी ऑफिसात बावीस कॉलमांचे तक्ते जुळवलेत.

११ जानेवारी
दहावा चाकू तयार. मिटतो. टोक मात्र बाहेर राहतं. थोडंसंच. अप्पांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, हा खिशात ठेवणाऱ्याचा दवाखाना जवळ असला पाहिजे.

ताईला फोनवर सांगितलं. म्हणाली, इतकी वर्षं फायली मिटवल्यास, एक चाकू मिटवता येईना? ताईला हस्तकलेतलं कळत नाही. ती स्वेटरही विकतचे घालते.

१९ जानेवारी
अकरावा मिटतच नाही. थंडीमुळे पोलाद आखडत असावं. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, पोलाद नाही, अक्कल आखडते.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. कानस मारण्यापूर्वी तीनदा मापणे.

२० जानेवारी, सकाळी ८.४०
गजर वाजलाच नसावा.

२ फेब्रुवारी
माळीकाका आले होते. कलमं बांधायचा त्यांचा चाकू अप्पांनीच तीस वर्षांपूर्वी केलेला. धार लावून लावून पातं काडीएवढं उरलंय. म्हणाले, अप्पा, नवा द्या. अप्पांनी आपले थरथरणारे हात त्यांच्यापुढे धरले. मग काका माझ्याकडे बघून म्हणाले, लेकीच्या हातचा चालेल की, पण वर शिक्का पाहिजे बरं का. शिक्क्याशिवायचा चाकू मी झाडाला लावत नाही.

मी लगेच म्हणाले, फेब्रुवारीअखेर मिळेल. अप्पांनी माझ्या दिशेने मान वळवली. विश्वास असणार.

१५ फेब्रुवारी
बारावा: पातं तापवून पाणी देताना ते केळ्यासारखं वाकलं. तेराव्याला आवाज आहे, पण टक असा नाही. अप्पांनी दोनदा कानाशी धरून मिटवला आणि म्हणाले, हा आवाज नाही बाळा, हा सुस्कारा आहे.

बाळा. माझं वय सेहेचाळीस.

२४ फेब्रुवारी, दुपार
अप्पा झोपलेत. पॉलिश पेपर शोधताना खालच्या खणात, जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक चाकू सापडला. अप्पांच्या हातचा. पूर्ण झालेला. मूठ त्याच लाकडाची, ज्याच्या मी करते. उघडला, मिटवला. टक.

पितळेवर शिक्का नाही. जणू माझ्यासाठीच मोकळी जागा ठेवलेली. मारायचा राहून गेला असेल.

२५ फेब्रुवारी
विचार केला. अप्पांचे हात माझ्यात आले आहेत, असं सगळेच म्हणतात. म्हणजे हा चाकू एका अर्थी माझ्याच हातांनी केलेला, फक्त आधी. शिवाय काकांचं काम अडलंय. शिवाय शिक्का एकदा मिळाला की मला धीर येईल आणि पुढचे सगळे मी स्वतः करीन. ही उचल समजायची.

दिवसभर पॉलिश केलं. पॉलिश म्हणजे कामाचा निम्मा भाग. म्हणजे निम्मा चाकू तर माझा झालाच.

२६ फेब्रुवारी, सकाळी ११
अप्पांच्या हातात दिला. मी केला असं मी म्हणाले नाही. म्हणाले, अप्पा, चौदावा.

त्यांनी मिटवला. टक. भुवया वर गेल्या. मिटलेल्या पाठीवर अंगठा फिरवला. सपाट. पूर्ण उघडला. सपाट. मग अर्धा उघडला, आणि अंगठा थांबला. पुन्हा फिरवला. म्हणाले, इथे केसभर वर येते.

चाकू मिटवून मांडीवर ठेवला. म्हणाले, अगदी हीच चूक मी एकदा केली होती. तुझी आई हॉस्पिटलात होती, त्या आठवड्यात. रात्री तिच्याजवळ बसायचं, दिवसा इथे. लक्ष कुठलं लागतंय. अर्ध्यावर केसभर वर. शिक्का मारला नाही, पण मोडवेना. ठेवून दिला.

आणि मग अप्पांचे डोळे भरले. माझा खांदा चाचपून म्हणाले, हात तर सगळेच म्हणतात गं, पण माझी चूकसुद्धा तुझ्यात आली.

मी पाणी आणायला आत गेले. माठाजवळ पुष्कळ वेळ उभी होते.

२७ फेब्रुवारी
अप्पांनी ताईला फोन केला. माळीकाकांना थांबवून सांगितलं. किल्लीवाल्यालाही. शिक्का नाही मिळाला, पण केसभरच राहिलंय, पोरीने माझीच चूक केली. काका म्हणाले, वा, म्हणजे आता माझी झाडं निश्चिंत. मार्चअखेर येतो.

ताई फोनवर मला म्हणाली, अप्पा रडत होते गं. मी तुला उगाच बोलते. हे ऐकून मला ताईचा फार राग आला. टोमणे मारायची तेव्हा बरी होती.

१ मार्च
अप्पा म्हणाले, खालच्या खणात फडक्यात तो माझा चाकू आहे. काढ. दोन्ही शेजारी ठेवून बघू.

मी खणाशी गेले. खण उघडला. खण बंद केला. म्हणाले, सापडत नाही.

४ मार्च
अप्पा स्वतः शोधताहेत. सगळे खण जमिनीवर. त्यांना दिसत नाही, म्हणून ते एकेक वस्तू हातात घेऊन ओळखतात आणि बाजूला ठेवतात. कानस. पक्कड. कानस. मी शोधायला मदत करते. म्हणजे त्यांनी पाहिलेल्या वस्तू पुन्हा पाहते.

५ मार्च
उपाय सापडला! अप्पांचा जुना चाकू हुबेहूब बनवायचा. चुकीसकट. फडक्यात गुंडाळून खणात ठेवायचा. चूकच तर करायची आहे. ती मला जमते.

१३ मार्च
जमत नाही. माझी पट्टी अर्ध्यावर नखभर वर येते, नाहीतर आत बुडते, नाहीतर पातं डुगडुगतं. केसभर चुकायला बाकी सगळं बरोबर यावं लागतं, हे आधी कुणी सांगितलं नाही. या प्रयत्नांत दोन पाती गेली. डब्याचं झाकण लागत नाही.

१७ मार्च
ताई आली होती. तीही शोधायला बसली, पदर खोचून. मला म्हणाली, अप्पांना विसरायला होतंय का गं? कुठेतरी ठेवून विसरले असतील. मी म्हणाले, असेल.

असेल, असं म्हणाले मी.

२२ मार्च, दुपारी ४
अप्पा कामाच्या टेबलाखाली हात घालून चाचपत होते. पत्र्याची कपची बोटात गेली. मी पट्टी बांधत असताना अप्पा म्हणाले, तुझ्या आईच्या त्या शेवटच्या आठवड्यातली तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. टाकली तर नसेन ना मी?

मी सांगितलं. सगळं. एका दमात. आधी ठरवलेलं त्यातलं एकही वाक्य वापरलं नाही. उचल हा शब्दही नाही.

तो चाकू आणून अप्पांच्या हातात दिला. त्यांनी अर्धा उघडून अंगठा फिरवला आणि खिशात ठेवला. मग विचारलं, पॉलिश तुझं होतं? मी हो म्हणाले. म्हणाले, पॉलिश चांगलं आहे.

मग म्हणाले, तुझा डबा आण.

सगळे चाकू त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी एकेक उघडला, अंगठा फिरवला, बाजूला ठेवला. संध्याकाळ झाली. शेवटी म्हणाले, यात माझी एकही चूक नाही गं. सगळ्या तुझ्या तुझ्याच आहेत.

हे चांगलं की वाईट, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२४ मार्च
अप्पा आता शेजारी स्टुलावर बसतात. मी कानस मारते, ते ऐकतात. थांब म्हणाले की थांबायचं. गंमत म्हणजे ते बरोबर वेळी थांब म्हणतात. मी आजवर थांबायची ती दमले की.

आई त्या आठवड्यात काय बोलायची, ते सांगत होते. मला यातलं काही माहीत नव्हतं.

२९ मार्च
पट्टी जवळजवळ आली. उगाच काही लिहीत नाही.

३१ मार्च, सकाळी ९
कच्च्या खिळ्यांवर जोडून अप्पांच्या हातात दिला. मिटलेला. पूर्ण. अर्धा. अंगठा कुठेच थांबला नाही. पुन्हा अर्धा. अप्पांनी श्वास सोडला. टक.

म्हणाले, आता सोड, पट्टीला आतून नुसता पेपर मार. कानस अजिबात लावू नकोस, आता तिला काही द्यायचं नाही की घ्यायचं नाही. संध्याकाळी पक्के खिळे ठोकू. मग शिक्का काढतो.

राजीनाम्याचा कागद टाइप करून ठेवला. दोन प्रती.

३१ मार्च, संध्याकाळी ७
अकराला माळीकाका आले. अप्पांबरोबर पायरीवर बसले. मी खिडकीशी टेबलावर, पट्टी चिमट्यात, हातात पेपर. काकांनी विचारलं, काय अप्पा, लेकीने तुमची चूक केली होती ती दुरुस्त झाली का?

सांगेन असं मी ठरवलं होतं. काका आले की मीच सांगेन, सगळ्यात आधी.

अप्पा म्हणाले, कसली चूक माळीबुवा, तो चाकू माझाच होता. वय झालं. जुना चाकू हातात आला आणि मी तो पोरीचा समजून गावभर सांगत सुटलो. तिने समजावलं मला, पण ऐकतोय कोण.

काका म्हणाले, चालायचंच. माझ्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं.

अप्पा हसले. पुढचं मला ऐकायचं नव्हतं. ऐकलं नाही.

जाताना काका खिडकीत वाकले आणि हळूच म्हणाले, लक्ष ठेव गं त्यांच्याकडे. मी म्हणाले, हो काका.

दुपारी अप्पांनी चाकू जोडून मागितला. अंगठा फिरवला. पट्टी आत बुडते आहे. निदान तिन्ही जागी सारखीच. अप्पांनी चाकू माझ्या हातात परत दिला. शिक्क्याचा खण त्यांनी आधीच उघडून ठेवला होता. तो मी बंद केला.

उद्या दहाला ऑफिस.

अप्पांनी एवढंच विचारलं, सांगितलं होतं ना, नुसता पेपर? मग कानस कशाला लावलीस?

मी म्हणाले, चुकून.

पेपरला आवाज नसतो.