मायची उजळणी

उधना, सुरत
४ नोव्हेंबर २०२५

सौ. सरलाताई यांस,
गायत्रीचा सा. न. वि. वि.

तुमच्याशी फोनवर बोलणार नाही असं भाऊबीजेला तुमच्या अंगणात सांगून आले, ते पाळते आहे. माझं बोलणं रेकॉर्ड करून तुम्ही साऱ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलंत. आता हा कागद फिरवायचा तर खुशाल फिरवा. शेजारचे निंबाभाऊ अमळनेरला येताहेत, त्यांच्या हाती देते.

आईंना २६ तारखेला, बुधवारी, मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. त्यांची ओपीडी आठवड्यातून एकदाच असते, नंबर फार मुश्किलीने मिळाला. आई गॅस चालू ठेवून विसरतात. मागे एकदा घरातून निघून गेल्या आणि उधना स्टेशनच्या बाकावर सापडल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला अमळनेरची गाडी विचारत. तुमचा भाऊ हजिऱ्याच्या कारखान्यात शिफ्ट करून येतो आणि झोपतो, त्याला काही दिसत नाही. दिवसभर घरात मी असते.

दवाखान्यातून सांगितलंय की चष्मा, चालू गोळ्या पाकिटांसकट आणि जुने रिपोर्ट आणा. शिवाय त्या आधी कशा होत्या हे सांगणारं जुनं माणूस सोबत हवं. ते माणूस तुम्हीच. त्या पडल्या होत्या तेव्हाचे धुळ्याचे कागदही तुमच्याच कपाटात आहेत. कागद पाठवा, आणि जमलं तर या.

लोभ मागत नाही, एवढं काम करा.
गायत्री


अमळनेर
९ नोव्हेंबर २०२५

सौ. गायत्री हीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिला आहे, फार मनावर घेऊ नकोस.

माझ्या मायला काही झालेलं नाही. या वयात माणूस थोडं विसरतं. तू तिला बाहेरून कडी लावून भाजीला जातेस हे मला निंबाने सांगितलं. कोंडलेलं माणूस दार उघडं दिसलं की निघून जाणारच. गाडी कुठली विचारत होती? अमळनेरची. म्हणजे तिला तिच्या लेकीकडे यायचं होतं. यात डोकं बिघडल्याचं काय आहे ते मला समजावून सांग.

तुला डॉक्टरच्या सहीने तिला वेडी ठरवायची आहे, म्हणजे उद्या कुठल्या आश्रमात टाकली तरी कोणी बोलणार नाही. ते मी होऊ देणार नाही. धुळ्याचे कागद देत नाही आणि तुझ्या बाजूने साक्ष द्यायलाही येत नाही. डॉक्टर काय विचारतात ते मला ठाऊक आहे. आमच्या मामांना विचारलं होतं: वार कोणता, महिना कोणता, गाव कोणतं, घरात कोण कोण. आजपासून रोज संध्याकाळी मायच्या फोनवर मी तिची तयारी करून घेणार आहे. बुधवारी ती फडाफडा उत्तरं देईल तेव्हा तुझं तोंड बघायला मी नसेन एवढंच वाईट वाटतं.

मायला वेळेवर जेवायला घाल.
सरला


उधना
१४ नोव्हेंबर २०२५

सौ. सरलाताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमची शाळा रोज ऐकते आहे. आई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहून वार सांगतात आणि चुकल्या की तुम्ही फोनमध्ये एवढ्या ओरडता की मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. काल त्या महिन्याच्या जागी वार म्हणाल्या आणि नंतर बराच वेळ पदराने डोळे पुसत होत्या.

ताई, ही परीक्षा नाही. दवाखान्यातल्या सिस्टरला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, पेशंटला काहीही पढवू नका, आहे तसंच घेऊन या. त्यांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि डॉक्टरने ठीक आहे म्हणून घरी धाडलं, तर पुन्हा नंबर कधी मिळेल कोण जाणे. तोवर एखाद्या दिवशी त्या बाकावर न थांबता गाडीत चढून बसतील. मग कुठल्या स्टेशनवर शोधायचं ते तुम्हीच सांगा.

कडी लावते हे खरं आहे. लाज वाटते, तरी लावते. मला शिव्या द्यायच्या तर द्या, पण हा पाढा बंद करा.

गायत्री


अमळनेर
१९ नोव्हेंबर २०२५

सौ. गायत्री हीस,
अ. उ. आ.

बंद करणार नाही. काल मायने एकही चूक केली नाही. वार, महिना, सुरत, उधना, मुलगा धर्मेंद्र, मुलगी सरला अमळनेरला, सगळं घडाघडा म्हणाली. तू तिच्याशी धड दोन शब्द बोलत नसशील, म्हणून तुझ्यापुढे ती गप्प राहते.

बुधवारी तिला निळं लुगडं नेसव. डॉक्टरपुढे तू मध्ये बोलू नकोस.

सरला


उधना
२७ नोव्हेंबर २०२५

सौ. सरलाताई यांस,
गायत्रीचा नमस्कार.

निळं नेसवलं होतं.

डॉक्टरांनी अजून काही विचारलंही नव्हतं, तोच आईंनी सुरुवात केली. आज बुधवार, महिना नोव्हेंबर, गाव सुरत, घर उधन्याला, मुलगा धर्मेंद्र, मुलगी सरला अमळनेरला. डॉक्टर खूश झाले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तुम्ही तिथे असायला हव्या होत्या, तुम्हाला समाधान वाटलं असतं. तब्येत वयाच्या मानाने छान आहे म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. आम्ही उठलो.

उठता उठता त्यांनी हसत विचारलं, माँजी, एवढं चोख कोणी शिकवलं. आई म्हणाल्या, एक मास्तरीणबाई आहे, रोज संध्याकाळी फोन करते. कोण कुठली माहीत नाही. रागावते फार, पण शिकवते चांगली.

डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा बसवलं. तुमची मुलगी काय करते असं विचारलं, तर आई म्हणाल्या, मनी पोर शायामा जायेल शे. मला ते गुजरातीत सांगायला लावलं. सांगितलं, मुलगी शाळेत गेली आहे म्हणतात. मग त्यांनी नीट तपासलं, खूप वेळ. एमआरआय करायचा आहे, गोळ्या चालू केल्यात. आजार आहे, तो परत फिरणार नाही, पण त्याची चाल कमी करता येईल असं म्हणाले.

खरं सांगायचं तर रिक्षात बसल्यावर क्षणभर मला बरं वाटलं, की ठरलं एकदाचं, सरलाताई हरल्या. तेवढ्यात आई म्हणाल्या, लवकर घरी चल, बाईंचा फोन येईल, आणि आपल्या सरलालाही याच बाईंकडे घालू.

फोन बंद करू नका. संध्याकाळ झाली की त्या तोंड धुऊन, केस विंचरून फोनजवळ जाऊन बसतात. वार विचारू नका, एवढंच.

गायत्री


अमळनेर
३० नोव्हेंबर २०२५

सौ. गायत्रीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, ही खोटं लिहिते आहे. ते ठरवण्यासाठीच फोन लावला आणि विचारलं, माय, मी कोण बोलते आहे. ती म्हणाली, तुम्ही बाई.

मग मी बाई झाले. वार विचारला नाही. तुमची सरला कशी आहे, असं विचारलं. माय कितीतरी वेळ बोलत होती. म्हणाली, पोरगी तोंडाळ आहे, पण मनाची वाईट नाही. तिला हाताला धरून शिकवणारं कोणी मिळालं नाही. बाई, तुम्ही तिच्यावर ओरडू नका, ती मग जेवत नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. ग्रुपवर ते टाकलं त्याचं मात्र मला वाईट वाटतं, आणि कडीबद्दल आता काही म्हणणार नाही.

एमआरआयची तारीख कळव, त्या दिवशी धुळ्याचे कागद घेऊन मी येते. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, घर मला माहीत आहे. मायसमोर मला ताई म्हणून हाक मारू नकोस. बाई म्हण.

सरला