उसवलेली कॉलर

दि. ९ मार्च

चि. बारक्या,

तुला आणि घरच्यांना आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. दुकान बंद करून मी शिवणवर्गात शिकवायला लागलो, हे कानावर आलंच असेल. चौदा बायका, सहा मशीन, त्यातली दोन कायम रुसलेली.

मागच्या आठवड्यात आम्हा शिकवणाऱ्यांनाच शिकवायला एक बाई आल्या. त्यांनी आमचे दोन गट केले, कापड, कात्री, सुईदोरा दिला आणि खेळ मांडला. आमच्या गटाला म्हणाल्या, "अर्ध्या तासात काहीतरी छान शिवा." दुसऱ्या गटाला बाजूला नेऊन हळूच काही सांगितलं. मी हौसेनं तान्ह्या बाळाची कॉलर शिवली, बघत राहावं अशी. बाईंनी मला शून्य दिलं! त्यांना हवा होता चार बोटं रुंदीचा खिसा. दुसऱ्या गटातल्या, कालपरवा सुई धरलेल्या पोरीला दहापैकी नऊ.

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, काय हवंय ते आधी सांगायचं होतंत ना!"

सगळे हसले. बाई म्हणाल्या, "काका, हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. शेवटी काय जमलं पाहिजे, ते शिकणाऱ्याला आधीच कळायला हवं."

घरी सांगितलं तर वहिनी म्हणते, "या वयात नापास झालात, शोभतं हो!" मीही हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, तू माझ्या दुकानात शिकत होतास तेव्हा, तुझ्याकडून. "दादा, नक्की काय हवंय ते एकदा सांग ना." तू कॉलर पुढे ठेवायचास, मी ती उसवून परत द्यायचो. "पुन्हा." अकरा महिने. मला कुणी शिकवलं नाही रे, जुने सदरे उसवून मी शिकलो. उसवणं म्हणजेच शिकवणं, असं वाटायचं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी तुला तो शब्दही दिला नाही.

परवा वर्गात फळ्यावर लिहिलं: 'आज प्रत्येकीला कॉलर बसवता आली पाहिजे. दोन्ही टोकं सारखी, गळ्याला चुणी नको.' संध्याकाळपर्यंत नऊ जणींना जमलं. एका दिवसात, बारक्या. गिऱ्हाइकांसमोर मी तुला 'जडहात्या' म्हणायचो. तुझा हात जड नव्हता.

इथंच सही करणार होतो. पण मग पोटातलं पोटातच राहील.

शेवटची ती निळ्या सदऱ्याची कॉलर बरोबर होती. मी खिडकीशी नेऊन पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी उसवली. 'जमलं' म्हटलं की तू स्वतःचं दुकान टाकणार, मी एकटा पडणार, ही भीती. म्हणून काय हवंय ते कधी सांगितलंच नाही. न सांगितलेलं पुरं कसं होणार? तू त्याच दुपारी कात्री ठेवून निघालास आणि खोक्यांच्या कारखान्यात लागलास.

बैल गेला नि झोपा केला, तसलं हे पत्र. तुझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट कारखान्यातल्या मशीनमध्ये गेलं, हे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं. "दादा, आता त्यांना सुई धरवत नाही. तुमची पत्रं फोडतही नाहीत, तशीच ठेवतात."

हेही तसंच राहील. म्हणून पाकिटावर, पत्त्याच्या खाली, ठळक अक्षरांत लिहितोय: 'निळी कॉलर बरोबर होती.' पोस्टमन वाचेल, वाचू दे. त्यानं तुझी बोटं परत येणार नाहीत, हे मला कळतं.

तुझा हात ओळखूनही गप्प राहिलेला,
दादा