भावजींचे रकाने

बसवनगुडी, बंगळुरू
९ ऑगस्ट

प्रिय अक्का,

नमस्कार. आप्पेमिडी कैऱ्यांचं लोणचं पोचलं. बरणी शाबूत आहे, पण पिशवीला वास लागलाय तो जाईना. अप्पांचा गुडघा कसा आहे? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

ऑफिसात मला नवं काम दिलंय. कोणाचं काम कुठवर आलं ते दाखवणारं आमचं सॉफ्टवेअर साफ करायचं. ते तिमण्णभावजींनीच बसवलेलं, इतकी वर्षं तेच सांभाळतात. जो येईल तो म्हणणार, "हेगडे, आमच्यासाठी एक रकाना वाढवा की!" भावजी वाढवणार. आता बारीकशी चूक दुरुस्त करायची तरी ढीगभर रकाने भरावे लागतात, तेही सक्तीने. लोक प्रत्येकात एक टिंब टाकून मोकळे होतात. एका टप्प्याचं नाव तर 'शैलजाची तपासणी'. शैलजा लग्न होऊन कधीच कॅनडाला गेली. कामं अजून तिथेच अडकतात.

भावजींनी उभारलेलं मी मोडायचं? मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तर तेच खुर्ची ओढून शेजारी बसले.

"घाबरतेस काय? दाखव. हा लोकेशच्या हट्टाचा, उडव. हा दोन साहेबांच्या भांडणातला, उडव."

मागून लोकेश म्हणाला, "हेगडे, स्वतःचंच श्राद्ध घालताय की हो!"

"घालतोय. जेवायला ये तू."

भावजी इतके हसले, अक्का! मी आपली रकाने उडवत राहिले.

सगळं आटपल्यावर आमच्या वरच्या फ्लेविया मॅडमनी मला आत बोलावलं. "आता हे सांभाळायला आठवड्याला तासभर पुरेल, नाही?" मी हो म्हटलं. पुरेलच. बाहेर आल्यावर कळलं, भावजींची आता गरजच नाही असं मी बोलून बसले.

तशीच भावजींकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "राजीनामा मी आधीच दिलाय, शरावती. या कामाला तुझं नाव मीच सुचवलं. मी एकटा मोडायला बसलो असतो, तर अर्ध्यावर कोणीतरी 'राहू दे' म्हणालं असतं, आणि मी राहू दिलं असतं."

"आता पुढे?"

"शिरसीला."

तुझ्याकडे असं नाही म्हणाले. शिरसीला म्हणाले.

लोकांना आपण सांगतो, अप्पांच्या तब्येतीसाठी अक्का नवऱ्याला सोडून तिकडे माहेरी राहते. मीही तेच सांगते. पण तू जाताना म्हणाली होतीस, "या माणसाचे होकार घरी येईतो संपलेले असतात." ते मी विसरले नाही. आता राजीनामा देऊन त्यांनी पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हटलंय. ते तुझ्यासाठी, की नुसते दमलेत? विचारलं, तर म्हणाले, "मलाच ठाऊक नाही गं," आणि डोळे पुसले. हे तुला सांगू नको म्हणाले होते.

रविवारच्या बसने निघणार होते. मी म्हटलं, "आधी अक्काला विचारा."

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

मग म्हणाले, "तूच लिही. आणि नाही म्हटलं तरी चालेल, हेही लिही."

म्हणून लिहिलं. तिकीट काढलेलं नाही. तू हो म्हणावंस असं मला वाटतं. पानभर लिहून झाल्यावर हो म्हणू नयेस असंही वाटतं. तुला काय हवं तेवढंच कळव.

कोणाच्या बाजूची ते स्वतःलाच न उमगलेली,
तुझी
शरावती