मुराळ्यास सांगितलेली पाच कारणे

धुळे,
चैत्र वद्य द्वादशी

राजमान्य राजश्री शालकवर्य आधारभाऊ यांसी, पांझरेच्या कोरड्या पात्राच्या साक्षीने लीलाधर याचा सविनय, सप्रेम आणि (वैशाख उंबरठ्यावर उभा असल्यामुळे) सस्वेद नमस्कार. आपली प्रकृती, केळीची बाग आणि पोळ्यापासून मागच्या पायाने लंगडणारा आपला ढवळ्या, या तिहींचे कुशल चिंतितो. आमच्याकडे मी शरीराने ठणठणीत आहे. आपल्या भगिनी सौ. सुमनबाई यांच्या प्रकृतीविषयी मला निश्चित विधान करता येत नाही, कारण रविवारपासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. चर्येवरून मात्र ज्वर दिसत नाही.

होळीला भेटलो तेव्हा आपण मिस्कीलपणे पृच्छा केली होती की, पाहुणे, या वयात तुम्हाला इंग्रजीची शिकवणी लावण्याची दुर्बुद्धी का झाली? त्या प्रश्नाचे उत्तर देणे, एवढाच या पत्राचा हेतू आहे. अन्य हेतू शोधू नये.

आमच्या कार्यालयात दिवाळीनंतर जे नवे साहेब आले ते दूरच्या दक्षिणेकडचे. मराठी टिपणी त्यांच्यापुढे ठेवली की ते तिच्याकडे, परक्या गावी उतरलेला प्रवासी एस.टी.च्या पाटीकडे पाहतो, तसे पाहत. पुढे त्यांनी आज्ञा काढली की, यापुढे प्रत्येक टिपणी इंग्रजीत असावी आणि तीत काय बदलले, कशामुळे बदलले व त्यातून काय उद्भवेल, हे तिन्ही स्वतंत्र शब्दांत यावे. गेली पंचवीस वर्षे मी ‘सबब’ या एकाच शब्दावर शासनाचा गाडा ओढत आलो. कार्यालयाचे छप्पर गळाले, सबब कौले बदलावीत. शिपाई रजेवर गेला, सबब चहा मिळाला नाही. त्या एका शब्दात कार्य, कारण आणि आमची असहायता, असे तिन्ही पदार्थ सुखाने नांदत. साहेबांनी त्यांची फारकत करविली, आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी इंदिराबाईंच्या संध्याकाळच्या वर्गात दाखल झालो.

इंदिराबाई या सेवानिवृत्त शिक्षिका. त्यांचा दंडक असा की, शिकलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशीच्या वर्गाआधी खऱ्या प्रपंचात वापरून यायचा. परिवर्तन आणि कार्यकारणभाव या विषयावरील त्यांचे शब्द म्हणजे एकेक ऐरावत. ‘ग्रॅज्युअल’ म्हणजे हळूहळू होणारे. तो मी माझ्या उदरास लावला, कोणी हरकत घेतली नाही. ‘डिटेरिओरेट’ म्हणजे उत्तरोत्तर बिघडणे. तो भोजनसमयी वरणास लावला आणि त्याचा अर्थही (विचारला गेल्यामुळे) सांगितला. दुसऱ्या दिवशी ताटात वरण नव्हते. त्यामुळे ‘कॉन्सिक्वेन्स’ हा पुढचा शब्द मला वर्गात शिकावाच लागला नाही. ‘कॅटॅलिस्ट’ म्हणजे असा पदार्थ, जो इतरांत उलथापालथ घडवतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. हे ऐकताच मी वहीत आपल्या भगिनीचे नाव लिहिले. बावीस वर्षांत त्यांच्या सान्निध्यात घर बदलले, मी बदललो, माझी माताजी (ईश्वर तिला शांती देवो) पूर्णतः बदलून मगच गेली. सुमनबाई मात्र लग्नात होत्या तशाच आहेत. हे मी गौरवार्थ लिहिले होते.

आता उदाहरण म्हणून रविवारचा प्रसंग घेऊ. सुपडूनानांनी घरी येऊन तो आपणांस सांगितला असेलच. परंतु आपले हे चुलते मितभाषी, त्यामुळे त्यांच्या कथनात बराच भाग गळाला असणार.

आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, माहेरून मुराळी यावा आणि लेकीस सन्मानाने घेऊन जावे, हा आपल्या खानदेशचा वेद. यंदा सुमनबाईंनी पाडव्यापासूनच पिशवी भरून ठेवली होती. नव्या बांगड्या भरल्या होत्या, सासूबाईंसाठी मऊ सुताचे लुगडे आणून ते स्वतः दोनदा धुतले होते, म्हणजे नव्याचा खरखरीतपणा जाईल. घाईचे कारण आपण जाणताच. दिवाळीला सासूबाईंनी त्यांना त्यांच्या मावशीच्या नावाने हाक मारली आणि ‘सुमी कव्हय येई?’ म्हणून सुमी केव्हा येणार ते सुमीलाच विचारले. त्या रात्री परतल्यावर सुमनबाई मला म्हणाल्या होत्या, “आखाजीपर्यंत तरी मी तिला आठवायला पाहिजे.” एवढेच. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही, पिशवी भरली.

तर रविवारी भर दुपारी नाना आले. डोक्याला पंचा, हातात आपल्या बागेची केळी. स्वयंपाकघरात खापरावर मांडे पडत होते. नाना ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि मुराळ्याने जे विचारायचे तेच त्यांनी विचारले, “मंग जवाईबापू, पोरले कव्हय धाडतस?”

येथे माझ्या मनाची स्थिती लक्षात घ्यावी. उत्तर माझ्या जिभेवर तयार होते: आजच, जेवणानंतरच्या गाडीने. परंतु त्याच सायंकाळी वर्गात माझी तोंडी परीक्षा होती. कोणताही एक निर्णय घ्यावा आणि तो पाच कारणांसह मांडावा. इंदिराबाईंची ताकीद होती की, निष्कर्ष कधीही आधी सांगू नये. आधी प्रतिकूल कारणे, मग त्यांचा परिहार, आणि शेवटी निष्कर्ष, म्हणजे तो वज्रासारखा बसतो. एवढा शांत श्रोता घरबसल्या लाभला आहे, तर पूर्वाभ्यास का करू नये, असे मला वाटले. (मराठीतूनच केला, नानांवर इंग्रजीचा प्रयोग करण्याइतका मी निर्दय नाही.)

मी म्हणालो की, नाना, प्रथमतः यंदाचे ऊन पाहता स्त्रियांनी प्रवास करणे युक्त नव्हे. द्वितीयतः आखाजीच्या गर्दीत पाचोऱ्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तृतीयतः माझ्या भोजनाची आबाळ होऊन पित्त प्रकोप पावेल. चतुर्थतः सासूबाईंची अवस्था पाहून सुमनबाईंच्या मनाला क्लेश होतील. पंचमतः घराला कुलूप लागल्यास मांजर उपाशी राहील. नाना प्रत्येक कारणाला मान हलवत होते. मी ते अनुमोदन समजलो. पाचवे कारण संपवून, परिहाराकडे वळण्यापूर्वी, मी वक्तृत्वशास्त्राप्रमाणे किंचित थांबलो.

त्या विरामात नाना उठले.

“बठ्ठं समजनं,” ते पंचा झटकत म्हणाले. “हो म्हनाले कारन नही लागस जवाईबापू. नही म्हनाले लागस.” म्हणजे होकाराला कारणे लागत नाहीत, नकाराला लागतात.

आणि आधारभाऊ, ते जेवणाविना निघाले. मांडा खापरावर असताना मुराळी उपाशी गेला! मी चपला शोधत होतो (एक सापडली), तोवर ते गल्लीच्या तोंडाशी पोहोचले. मी रिक्षाने स्टँडवर गेलो. पाचोरा गाडी फलाटावरून हलत होती आणि नाना खिडकीशी बसले होते. मी धावलो. माझ्यापाशी एक श्वास होता आणि सांगायचा होता निष्कर्ष. पण पंचवीस वर्षांची सवय! तोंडातून प्रथम ‘सबब’ बाहेर पडले. त्यापुढचे वाक्य गाडीच्या धुराला ऐकवून मी परत फिरलो.

घरी सुमनबाई खापरासमोर बसून होत्या. त्यांनीही स्वयंपाकघरातून पाचही कारणे ऐकली होती आणि सहावे वाक्य नाही. मी त्यांना माझ्या विवेचनाचे उत्तरांग ऐकवू लागलो. त्या म्हणाल्या, “मांजराचं नाव घेताना जीभ नाही अडखळली?” मग मी सुचविले की, मी स्वतः त्यांना माहेरी पोहोचवून येतो. यावर त्या जे बोलल्या ते आपल्या गावच्या बोलीत (क्रोध आला की त्यांची भाषा आधी माहेरी जाते): “धनी पोचाडस ती लेक आखाजीले येल नही ऱ्हास, भांडीसन येल ऱ्हास.” शिष्ट मराठीत याचा आशय असा की, नवऱ्याने आणून सोडलेली लेक सणाला आली असे गाव मानीत नाही, भांडून आली असे मानते. हे शास्त्र मला खोडता आले नाही. त्यांचे माझ्याशी झालेले हे शेवटचे संभाषण.

मी रात्रंदिवस कारणमीमांसा केली. आपल्या न्यायशास्त्रात म्हटले आहे की, घट घडण्यास माती कारण, चाक कारण, कुंभार कारण. परंतु माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव हे कारण नव्हे, ते ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे केवळ उपस्थित. त्याच न्यायाने या अनर्थास साहेबांची आज्ञा कारण, इंदिराबाईंचा दंडक कारण, नानांची अधीरता कारण. मी तेथे केवळ उपस्थित होतो. हा सिद्धान्त मी भिंतीकडे तोंड करून, परंतु त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मांडला. त्यातील गाढवापुरता भाग सुमनबाईंना मान्य झाल्याचे त्यांच्या मान हलवण्यावरून दिसले.

परीक्षेस त्या सायंकाळी मी गेलो नाही. इंदिराबाईंनी त्या आठवड्यासाठी एक शब्द दिला होता, ‘इर्रिव्हर्सिबल’. जे एकदा झाले ते पुन्हा पूर्वस्थितीस येत नाही, असे. तो अद्याप मी एकदाही प्रपंचात वापरलेला नाही. काल सुमनबाईंनी पिशवीतून लुगडे काढले, त्याची घडी मोडली, पुन्हा तीच घडी घातली आणि परत ठेवले. पिशवी काही त्या रिकामी करीत नाहीत. मी दारातून पाहत होतो. मला पुष्कळ शब्द येतात, आधारभाऊ, पण त्या वेळी त्यातला एकही उपयोगाचा वाटला नाही.

असो. इंग्रजीच्या शिकवणीविषयी आपल्या प्रश्नाचे समाधान झाले असेल. ज्येष्ठांस नमस्कार, कनिष्ठांस आशीर्वाद, ढवळ्यास हिरवा चारा.

आपला, भाषेने समृद्ध व घरात मौनव्रती,
लीलाधर

ता. क. अन्य हेतू शोधू नये असे वर लिहिले आहे, तरी तो शोधावा. मुराळी पुन्हा धाडावा. आपण रागावला असाल आणि ‘आता आमचा माणूस त्या दारी जाणार नाही’ असे बोलून गेला असाल, हेही मी गृहीत धरतो. तो राग न्याय्य आहे. परंतु तो माझ्यावर काढावा, आपल्या भगिनीच्या आखाजीवर काढू नये. शक्य तर नानाच यावेत. हे पत्र उद्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देत आहे. टपालावर विसंबलो तर ते पोळ्याला पोहोचेल.

दुसरा ता. क. ज्यांच्याकरिता हा इंग्रजीचा यज्ञ आरंभला, त्या साहेबांची बदली झाल्याचे आज कळले. नवे येणार ते साताऱ्याचे असून टिपणी शुद्ध मराठीत मागतात. यास कोणता शब्द लावावा हे इंदिराबाईंनाही सुचले नाही.

तिसरा ता. क. (दुसऱ्या दिवशी सकाळी, घाईने, ओट्यावर बसून). पाकीट डिंकाने चिकटवीत असतानाच नाना दारात उभे! पाचोऱ्याच्या बाजाराला जातो असे आपल्या घरी सांगून निघाले म्हणे, आणि ते खरे नव्हते हे आपणांस कळवण्याची त्यांनी मला मुभा दिली आहे. त्यांचेच शब्द: “तुमनी सासू रोज इचारस, सुमी उनी का? मी रोज सांगस, जवाईबापूनी नही म्हनी दिनं. दुसरा दिन परत इचारस. मन्हं तोंड दुखी गयं.” म्हणजे माझा नकार आपल्या घरात सर्वांच्या लक्षात राहिला, आणि ज्या सासूबाईंना काही लक्षात राहत नाही त्यांनी ‘सुमी आली का’ असे पुन्हा विचारून तो दररोज रद्द केला.

नानांनी प्रश्न विचारला. मी ‘हो’ म्हणालो. नाना पुढच्या वाक्याची वाट पाहत बराच वेळ उभे राहिले, मग आत वाकून विचारते झाले, “सुमी, यास्नी तब्येत बरी शे ना?” आतून हसण्याचा आवाज आला. रविवारनंतरचा पहिला.

ते जेवत आहेत. दुपारच्या गाडीने दोघे निघतील, आणि हे पत्र कंडक्टरऐवजी सुमनबाईच, आधी बागेत येऊन, आपल्या हाती देतील (त्या वाटेत वाचणार, म्हणून कॅटॅलिस्टचा मजकूर खोडावा म्हटले, पण आता शाई वाळली). माझ्या भोजनाची काळजी नसावी. त्यांना सावकाश धाडावे, पंधरा दिवस, महिना, जसे जमेल तसे.

फक्त त्या दारात शिरतील त्या वेळी आपण बागेत न थांबता त्यांच्याबरोबर घरी असावे, आणि सासूबाईंनी काय नावाने हाक मारली, ते मला एका ओळीत कळवावे. कारणे लिहू नयेत.