निरोपाचा रकाना

परळ,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय जसिंता,

मम्माचा गुडघा कसा आहे? तिला माझा जयभीम सांग. ती नेहमीसारखं ‘गॉड ब्लेस यू, पोरी’ म्हणेल, ते या वेळी माझ्यापर्यंत पोचवू नकोस. आमच्याकडे आई बरी आहे. "जसिंता हल्ली येत नाही ती?" असं दोनदा विचारून झालं. मी सांगितलं, तिला काम आहे.

ते खोटं नाही. तुझं काम मी शनिवारी पाहिलं. रे रोडच्या वखारींपाशी तू वही घेऊन उभी होतीस आणि एका वॉचमनला विचारत होतीस, "तुमच्याकडे निरोप ठेवला तर कोणाकोणाला पोचेल?" मी रस्त्याच्या पलीकडे होते. तुला भेटायलाच आले होते. मधे लाकडांचा ट्रक आला, आणि तो गेल्यावर मी स्टेशनकडे चालू लागले. ट्रक नसता तरी तेच केलं असतं.

आमचं सॉफ्टवेअर तुमच्या क्षयरोगाच्या दवाखान्यात मीच आणलं. "नुसतं मराठीत सांग, एजंट सगळं करेल," असं तुला म्हणाले होते. एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः उरकणारा एआय. तू हसून म्हणालीस, "माझ्या नवऱ्याला पण असला एक बसवून दे." पहिल्याच आठवड्यात तू स्वतःचा एक रकाना करून घेतलास : ‘निरोप कोणाकडे’. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांचा निरोप पानवाल्याकडे द्यायचा की मुकादमाकडे, ते तिथे. सहाशेवर माणसं होती त्यात.

जूनमध्ये तू एजंटला म्हणालीस, "रक्तगटाचा रकाना वाढव." रक्तगट आला. निरोपाचा रकाना गेला, आतल्या नोंदींसकट.

तो कसा गेला, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. मी सांगते.

रकान्यांची रचना बदलायला एजंटकडे एक साधन असतं. ते कसं वापरायचं, याचं पान एजंट आधी वाचतो. ते पान मी लिहिलेलं. तुमच्यासारख्यांनी वाढवलेल्या रकान्यांची एक वेगळी यादी असते. ती बदलायची तर पूर्ण यादी नव्याने द्यावी लागते. जे नाव द्यायचं राहिलं, तो रकाना पुसला जातो. एजंटने यादीत फक्त रक्तगट दिला. त्याला वाटलं, आपण भर घालतोय. त्याला दुसरं वाटावं असं त्या पानावर काही नव्हतं.

आधी होतं. ‘यादी पूर्ण पाठवा, गाळलेला रकाना नोंदींसकट नाहीसा होईल.’ हे वाक्य मी स्वतः करून पाहून, खात्री झाल्यावर लिहिलं होतं. पण ते वाचून एजंट दर वेळी थांबायचा आणि माणसाला विचारायचा. आमच्या टीमचा प्रमुख संघर्ष म्हणाला, "दीपिकाताई, डेमोमध्ये हा सारखा परवानगी मागत बसतो. क्लायंट म्हणतात, मग आम्हीच करतो की. बघा बुवा तुम्हाला काय वाटतं ते."

त्याने काढ म्हटलं नव्हतं. मला काय वाटतं तेच विचारलं होतं. त्या दिवशीच्या डायरीत माझंच अक्षर आहे : ‘वाक्य काढलं. पान सुटसुटीत झालं. बरं वाटलं.’

ते वाक्य असतं, तर एजंटने तुला विचारलं असतं, निरोपाचा रकाना पुसू का? आणि तू नाही म्हणाली असतीस.

जुलैतल्या त्या बैठकीत तुमचा दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टच्या मेघना मॅडमनी मला सरळ विचारलं, "हे आपणहून काही पुसतं का?" मी म्हणाले, "नाही मॅडम, सांगितल्याशिवाय ते काहीच करत नाही." तू म्हणालीस, "मी फक्त रक्तगट बोलले होते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. माझ्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता, पण पुसायला तूच सांगितलंस असा त्याचा अर्थ झाला, आणि त्या वाक्याने तुला नोंदणीच्या टेबलावरून उठवलं. बाहेर आल्यावर तू मलाच म्हणालीस, "सॉरी गं, तुझ्या कंपनीचं नाव खराब झालं माझ्यामुळे." मी म्हणाले, "असू दे."

त्या ‘असू दे’ला आता चार महिने झाले.

आज सकाळी मी मेघना मॅडमना दोन्ही पानं पाठवली, वाक्य असलेलं आणि नसलेलं, खाली डायरीतल्या त्या दिवसाचा फोटो. सोमवारी अकराला त्यांनी मला बोलावलंय. तूही असावीस असं मी त्यांना कळवलंय. संघर्षला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "वकिलांना विचारून पाठवायचं होतं ना, ताई." विचारलं असतं तर पाठवलं गेलं नसतं. ते वाक्य परत घातलंय. एजंट थांबतो. थांबू दे.

हे सगळं मी तुझ्यासाठी करतेय की रात्री नीट झोप लागावी म्हणून, ते मला खरंच ठरवता येत नाही. तू ठरव.

आणखी एक. वखारीतला मनू, ज्याला निरोप न पोचल्याने औषधं एकोणीस दिवस चुकली आणि सगळा कोर्स पुन्हा सुरू करावा लागला, त्याचा दोष तू स्वतःच्या माथ्यावर घेतलायस, हे मला माहीत आहे. काल मी त्याला भेटायला गेले. फळीवर बसून डबा खात होता. मी म्हटलं, तुमचा निरोप चुकला त्यात जसिंता सिस्टरची काही चूक नाही. तो म्हणाला, "ते मी कधी बोललो? ती बाई उन्हातान्हात येते इथे." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "पण तुम्ही कोण?"

मी म्हटलं, तिची मैत्रीण. तो पुन्हा जेवायला लागला. म्हणजे तिथेही अर्धंच सांगून आले. उरलेलं सांगायला उद्या परत जाते आहे.

ज्या हाताने ते वाक्य काढलं, त्याच हाताने,
दीपिका