झिंग्यांचे पार्टनर

४ फेब्रु.
नांदेडहून बारा लाल झिंगे आणले, आपल्या होस्टेलच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीसाठी. पावतीवर बारा. खरा खर्च: लातूरपर्यंत एसटीत पिशवी मांडीवर, दिवसभर मेस हिच्या एकटीवर, दोन झिंगे वाटेतच गेले. म्हणजे दहा, आणि वर हिचा अबोला.
टाकी जमिनीलगत ठेवली. भूकंपात हिचं माहेर गेलं, तेव्हापासून कमरेच्या वर जड वस्तू ठेवू देत नाही. झिंगे बघायचे तर फरशीवर बसायचं.

६ फेब्रु.
टाकी रिकामी वाटते. सोबत मासे पाहिजेत. एंजल, गोल्डफिश नको, झिंगे गिळतात. नांदेडच्या दुकानदाराला फोन. "गप्पी भांडत नाहीत ना?" "भांडण सोडा मालक, तोंड बघा. पिल्लं खातेत. घोंघे ठेवा, गोगलगायी."
म्हटलं, वीस वर्षं पोरींना रूम पार्टनर लावून राहिलो, एक जोडी चुकली नाही. भिंतीआडून नुसतं बोलणं ऐकलं तरी कळतं, कोण कुणाशी नांदेल.
सहा गप्पी घेतले. इथूनच.

७ फेब्रु.
धर्माबादच्या वैष्णवीची खोली तिसऱ्यांदा बदलली. (आधीच्या दोन हिनं लावल्या होत्या.) आता खोली ७, मुरुडची प्रतीक्षा पार्टनर. शांत, अभ्यासू, आवाज चढवत नाही. वै.चे वडील फोनवर: "हितं बी न्हाई जमलं तर घेऊन जातो मालक. ऱ्हाऊ द्या ते डॉक्टर-बिक्टर."

११ फेब्रु.
झिंगे दिसेनात. दगडाखाली, फिल्टरमागं. कात टाकली की दोन दिवस लपतात म्हणे. कात कुठं दिसली नाही.
खोली ७ मधून भांडणाचा आवाज नाही. उत्तम.

१५ फेब्रु.
एका मादीच्या पोटाखाली अंडी. वै.नं दाखवली. सकाळ-संध्याकाळ पुस्तक घेऊन टाकीपाशीच असते. म्हटलं, खोलीत का नाही? "हितं बरं वाटून राहिलं, काका."
झिंग्यांचा नाद लागला पोरीला.

२ मार्च
वै. म्हणते, "काका, गप्पी मारत न्हाईत त्यांना. नुस्तं मागं मागं फिरतेत. मग झिंगे खायलाच बाहेर येईनात."
मेसमध्ये प्रतीक्षा रोज तिला विचारते, "तुला किती पडले गं?" हसूनच. वै. अर्धं ताट सोडून उठते. टेस्टचं टेन्शन.

१२ मार्च
मादीचं पोट रिकामं. ही चष्मा लावून तासभर फरशीवर. पिल्लू एक नाही. गप्पी मात्र गुबगुबीत. बादलीत काढले. संध्याकाळपर्यंत चार झिंगे आपणहून बाहेर, काचेवरचं शेवाळ खाऊन राहिले.
नांदेडला फोन केला नाही.

१३ मार्च
वै.चे वडील रविवारी येतायत. म्हटलं, "या की. पोरगी रमली. खोली ७ एकदम जमली."
ही पोळ्या लाटत ऐकत होती. फोन ठेवला तशी म्हणाली, "आधी सातमधली खाट तर बघून या."
गेलो. वै.च्या खाटेवर प्रतीक्षाच्या पुस्तकांची थप्पी, वरच्यावर धूळ.
हिला विचारलं तर कळलं: मी जिथं कधी फिरकत नाही त्या आमच्या देवघरात वैष्णवीची गादी महिन्यापासून आहे.